मुक्या बहिणीच्या चार ओळी

रोस्विता : ...म्हणून सांगते, मान हलवू नकोस. हा डिंक वाळला की टोप जाईल तिकडे कपाळ जाईल. आता सरळ बस आणि खरं सांग. काल रंगीत तालमीत शेवटी काय केलंस तू?

आनेग्रेट : ओठ हलवले.

रोस्विता : ते दिसलं मला. पावडरचा डबा घेऊन विंगेतच उभी होते. वाद्यं थांबलेली, ती वाजवून घेणाऱ्या हार्टविगची काठी हवेत, सहाही भाऊ तुझ्या तोंडाकडे बघतायत, आणि तू आपली मासोळीसारखं तोंड उघडतेस नि मिटतेस.

आनेग्रेट : खुणेपुरतं गायले. आवाज राखून ठेवायला तालमीत सगळेच तसं गातात.

रोस्विता : साध्या तालमीत गातात. रंगीत तालमीत खुल्या गळ्याने गायचं असतं, हे मी शिकवायचं का तुला? मी केस चिकटवणारी बाई.

आनेग्रेट : हार्टविग काही म्हणाला नाही.

रोस्विता : तो कशाला म्हणेल? रंगीत तालीम फसली की पहिला प्रयोग रंगतो, असं आपल्याकडे आजोबा-पणजोबांपासून मानतात. काल तो शेवट पडला तर कोरसमधल्या बायका एकमेकींना टाळ्या द्यायच्याच बाकी होत्या. म्हणे, चला, उद्याची काळजी मिटली.

आनेग्रेट : मग मिटू दे की.

रोस्विता : तुझी मिटली का?

आनेग्रेट : कपाळाला गार लागतंय. वेळ किती आहे अजून?

रोस्विता : आहे. शाळेच्या बसगाड्या आत्ता कुठे चौकात लागतायत. नाताळच्या जत्रेतून पोरांना ओढून आणायचं म्हणजे मास्तरणींची कसोटीच. माझी नात लीनापण आहे त्यांच्यात. काल तिला झोपवताना सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, सावत्र आईने सहा भावांचे हंस केले. ते परत माणसं व्हायला हवे असतील तर धाकट्या बहिणीने खाजऱ्या पाल्याचे सहा सदरे शिवायचे, आणि सदरे होईपर्यंत, वर्षानुवर्षं, तोंडातून शब्द काढायचा नाही. राजाने लग्न केलं तरी नाही, सासूने लेकरं चोरून तिलाच चेटकीण म्हटलं तरी नाही, चितेवर चढवलं तरी नाही. तिथे हंस उडत येतात, सदरे अंगावर पडतात, भाऊ माणसांत येतात. धाकट्याची एक बाही शिवायची राहिलेली, त्याचा एक हात पंखच राहतो. आणि मग ती बोलते. लीनाने काय विचारावं?

आनेग्रेट : काय?

रोस्विता : म्हणाली, आजी, इतकी वर्षं गप्प बसल्यावर तिला अजून बोलता येतं का?

आनेग्रेट : मग तू काय सांगितलंस?

रोस्विता : म्हटलं, झोप आता.

आनेग्रेट : बरं केलंस.

रोस्विता : येना शहरातल्या त्या डॉक्टरकडे परत गेली होतीस ना? मी विचारणार नव्हते. पण आता विचारते.

आनेग्रेट : गेले होते. नाकातून नळी घातली आणि पडद्यावर मलाच माझा गळा दाखवला. दोन तंतू असतात. एक हलतो, एक नुसता पडून असतो. मार्चमधल्या तापाने गेला, म्हणाला. बोलायला आहे तेवढा पुरेल. गाण्याचं विचारलं तर म्हणाला, घरी खालच्या पट्टीत गुणगुणत जा, मन रमेल.

रोस्विता : मन रमेल. मेल्याला कोणी सांगावं, मन रमवायला हिने जन्म घालवला का म्हणून. तू काय म्हणालीस?

आनेग्रेट : आभार मानले. कोट घातला. गाडीत बसले आणि घरी आले.

रोस्विता : आणि वरचा सूर?

आनेग्रेट : आज सकाळी उशीत तोंड खुपसून लावून पाहिला. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून उशी घेतली, पण त्याची गरज नव्हती. हवाच येते नुसती.

रोस्विता : आने.

आनेग्रेट : तू डिंक लाव.

रोस्विता : लावतेच आहे. हात थांबला का माझा? हे बघ, मला तुझं दुःख कळत नाही असं नाही. पण आज रडायचा दिवस नाही. आज आपले संचालक वाइसबाखसाहेब नगरपालिकेच्या मंडळींना घेऊन पहिल्या सज्जात बसणार आहेत. चौदा वर्षं झाली तुला या थिएटरात. पंधरावं लागलं की तुला म्हातारी होईपर्यंत कोणी हलवू शकत नाही, आणि म्हणूनच तर लोकांना चौदाव्यावरच वाटेला लावतात. तो ओटमार आठवतो ना? काय खर्ज होता त्याचा. आज एरफुर्टला सोफे विकतो. गिऱ्हाईक बसलं की म्हणतो, टेकून बघा, किती खोल जातंय. हसत सांगतो, पण ऐकवत नाही.

आनेग्रेट : मला ओटमार कशाला दाखवतेस? रोज आरशात दिसतो मला तो.

रोस्विता : दाखवत नाही, हिशोब सांगतेय. साहेबांना तुला ठेवायचंय. हा खेळ त्यांनी तुझ्यासाठीच काढला, हे तूच म्हणाली होतीस.

आनेग्रेट : मीच मागून घेतला. त्यांना म्हटलं, अभिनयाची भूमिका आहे, मला करून बघायचीय. ते खूश झाले. त्यांना वाटलं, बाईला नवीन काही करायची हौस आली. तेव्हा मला वाटत होतं, उन्हाळ्यात आवाज परत येईल. मधल्या ऑपेरेट्याला, त्या गाण्यांच्या खेळाला, कंबर दुखल्याचं सोंग घेतलं, माझ्या जागी पाहुणी बाई गाऊन गेली. मग म्हटलं, हा तासाभराचा खेळ आहे, त्यात मी शेवटपर्यंत मुकी, आणि गायच्या चारच ओळी. तेवढ्या कशाही ओढून नेईन. चार ओळी, रोस्विता. पूर्वी मी त्या भांडी घासताना गायले असते.

रोस्विता : माहितीये मला.

आनेग्रेट : त्या आज आल्या तर मी इथली. नाही आल्या तर उन्हाळ्यात सामान बांधायचं, आणि ते कुठे न्यायचं हे मला ठाऊक नाही. अठराव्या वर्षापासून मी दुसरं काही केलं नाही. साधं टंकलेखनही येत नाही मला. मला भीती वाटते. डोळे उघडते तेव्हापासून वाटते. आणि सगळ्यात जास्त भीती कसली वाटते सांगू? आपल्या तोंडून 'आवाज गेला' असं एकदा म्हटलं की तो खरंच गेला. म्हणून कोणाला सांगत नाही. तुला सांगितलं तेसुद्धा तू कॉलरखाली मानेला बोटं लावून ओळखलंस म्हणून.

रोस्विता : ओळखलं, आणि मग गप्प बसवलं नाही मला. मी एक केलंय. रागावू नकोस.

आनेग्रेट : काय केलंस?

रोस्विता : आधी म्हण, रागावणार नाही.

आनेग्रेट : रोस्विता.

रोस्विता : शेवटी तू चितेवर उभी असतेस. धाकटा भाऊ, तो पंखवाला, कुठे असतो?

आनेग्रेट : माझ्या मागे.

रोस्विता : अगदी मागे. तुझा झगा हा एवढा घोळदार, त्याचा पंख हा एवढा पसरलेला. खालून त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. मग त्या चार ओळी तिथून आल्या तर पोरांना काय कळतंय?

आनेग्रेट : धाकटा भाऊ रिके आहे.

रोस्विता : हो.

आनेग्रेट : तू रिकेला सांगितलंस?

रोस्विता : गेल्या आठवड्यात. पोरगी गुणी आहे गं. तुझाच श्वास घेते, तूच शिकवलेला. सूर तिला पाण्यासारखा...

आनेग्रेट : डोक्याला डिंक लावून झाल्यावर सांगतेयस. म्हणजे मी उठून जायला नको.

रोस्विता : त्यासाठीच आधी लावला.

आनेग्रेट : हे माझं होतं. तुझ्याकडे एवढं एकच ठेवलं होतं मी. तू ते नेऊन कोरसमधल्या मुलीच्या ओंजळीत टाकलंस.

रोस्विता : मग काय करू? तू आज हवा फुंकणार, पोरं हसणार, साहेब मान खाली घालणार, आणि मी विंगेत उभी राहून ते बघायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार तू खातेस तो खातेस, मला का खायला लावतेस? चिडायचं ते चीड. उद्या चीड.

आनेग्रेट : कोणीतरी आलंय.

रोस्विता : तीच आलीय. तिचा पंख चिकटवायचाय. ये गं, बस तिथे. हात वर कर.

रिके : मी... नंतर येऊ का? म्हणजे तुमचं काही चाललं असेल तर...

आनेग्रेट : बस.

रिके : आनेताई, तुम्हाला कळलं का? म्हणजे रोस्विताबाईंनी सांगितलं का?

आनेग्रेट : आत्ताच. साहेबांनी तुला काय सांगितलंय, रिके? मी गेल्यावर माझी जागा कोणाला?

रिके : तसं काही पक्कं नाही.

आनेग्रेट : कोणाला?

रिके : मला. म्हणाले होते, फोलराथबाई, म्हणजे तुम्ही, राहिल्या तर मी कोरसमध्येच, नाही राहिल्या तर बघू. सप्टेंबरात म्हणाले.

आनेग्रेट : आणि तू मला सांगितलं नाहीस.

रिके : तुम्हीही मला सांगितलं नाहीत.

रोस्विता : ए, चुरूचुरू बोलू नकोस. पीस नाकात जाईल.

आनेग्रेट : बोलू दे तिला. मग माझ्या मागे उभी राहून का गाणार आहेस तू? मी पडले तर जागा तुझीच आहे. नुसतं गप्प राहायचं.

रिके : तुमच्या पडण्यावर मला चढायचं नाही. पहिल्या वर्षी मला काढणारच होते, तेव्हा तुम्ही साहेबांकडे गेला होतात. मला नंतर कळलं. आणि तुम्ही दर गुरुवारी शिकवलंत ते... मला दुसरं काही देता येत नाही तुम्हाला, म्हणून. आणि खरं म्हणजे मी नाही म्हणालेच होते आधी. पण हार्टविगसाहेब म्हणाले, दुसरा मार्ग नाही.

आनेग्रेट : हार्टविग?

रोस्विता : रिके, पंख धर नीट.

आनेग्रेट : हार्टविगला कसं माहीत?

रिके : त्यांनीच पियानोवर बसून माझ्याकडून त्या ओळी घासून घेतल्या. वरच्या सुराला तुमचा रंग यावा म्हणून. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.

आनेग्रेट : आणखी कोणाकोणाला माहीत आहे?

रिके : मी... कोरसला.

आनेग्रेट : सगळ्या कोरसला.

रिके : आणि व्हायोलिनवाल्यांना. म्हणजे आम्ही कोणी बोलत नाही त्याबद्दल. एका शब्दानेसुद्धा नाही. ऑपेरेट्यापासून सगळ्यांना अंदाज होता. फक्त वाइसबाखसाहेबांना नाही. ते तालमींना येतच नाहीत ना.

आनेग्रेट : काल त्या बायका म्हणाल्या, उद्याची काळजी मिटली.

रिके : त्या तुमच्यासाठी म्हणाल्या. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

आनेग्रेट : मग इतके महिने मी लपवत कोणापासून होते?

रोस्विता : अळीमिळी गुपचिळी, दुसरं काय. खुणेपुरतं गाणाऱ्याला कोणी विचारायचं नाही, अशी रीत आहे इथली. विचारणं म्हणजे तोंडावर अपमान. तू आम्हाला सांभाळत होतीस, आम्ही तुला. त्यात वाईट काय आहे?

आनेग्रेट : उपाहारगृहात मी आले की तुम्ही हवापाण्याचं बोलायला लागायचात. मला वाटायचं, लोकांचं माझ्याकडे लक्षच नाही, बरं आहे. मी एकटी मरत होते, रोस्विता, आणि तुम्ही सगळे शेजारी बसून सूप पीत होतात.

रोस्विता : असं नको म्हणूस गं.

आनेग्रेट : तसंच होतं ते.

रिके : आनेताई, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही गाणार. हो म्हणालात तर गाईन, आजच नाही, नाताळपर्यंतच्या सगळ्या प्रयोगांना गाईन, कुठे बोलणार नाही. पण फेब्रुवारीत नवा खेळ आहे. त्यात तुम्ही पडदा उघडल्यापासून गाता. तेव्हा मी कुठे उभं राहायचं?

रोस्विता : फेब्रुवारीचं फेब्रुवारीत बघू. आधी आजचा दिवस जाऊ दे.

आनेग्रेट : शहाणी आहे ती. तुझ्यापेक्षा जास्त.

रोस्विता : असेल. ऐकलंत? भोंग्यावरून बोलवायला लागले. फोलराथबाई, सहाही हंस, रंगमंचावर. आने, काय ते ठरव. पोरीला सांग.

आनेग्रेट : माझ्या डाव्या खांद्याच्या मागे उभी राहा. उजवीकडे आगीचा दिवा आहे, डोळ्यांत जातो. श्वास माझ्याबरोबर घे. मी खांदा उचलला की घे, आधी नको. आणि तिसऱ्या ओळीत घाई करतेस तू, ती करू नकोस.

रिके : हो.

रोस्विता : या दोघी इकडे. डावा खांदा करा पुढे, प्रयोगाला दृष्ट नको लागायला. थू, थू, थू. तुलापण, थू, थू, थू.

रिके : धन्य...

रोस्विता : आभार मानू नकोस, बाई. याचे आभार मानले की अपशकुन होतो. जा पळा.

(प्रयोग संपल्यावर. तीच खोली. आनेग्रेट आरशासमोर, अजून चितेवरच्या पांढऱ्या झग्यात.)

रोस्विता : पाय आपटतायत अजून. ऐक. अख्खं थिएटर हलतंय. पोरांनी पाय आपटले म्हणजे जिंकलं सगळं, मोठ्यांच्या टाळ्यांना काय, ते आपल्या भाचीलासुद्धा वाजवतात. हे पी आधी, कोमट आहे. सगळं संपव.

आनेग्रेट : घोटभर पुरे.

रोस्विता : कप ठेव खाली. आता मला सांग काय झालं ते. मी विंगेतून बघत होते आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. पहिली ओळ काय छान गेली. तू तोंड उघडलंस, आवाज आला, मलासुद्धा क्षणभर वाटलं की तूच. आणि मग तू तोंड मिटलंस. मिटलंस ते मिटलंस, बाजूला सरलीस, त्या पोरीचा हात धरलास आणि तिला पुढे ओढलंस. चितेच्या पुढे. उजेडात.

आनेग्रेट : हो.

रोस्विता : का पण? ठरलं होतं ना आपलं?

आनेग्रेट : पहिल्या रांगेत एक मुलगी होती. पुढचे दात पडलेली. बाकी सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. ती माझ्या गळ्याकडे बघत होती.

रोस्विता : पोरं बघतात कुठेही.

आनेग्रेट : नाही. तिला कळलं होतं. गळा हलत नव्हता माझा. आणि रिकेचा श्वास माझ्या मानेला लागत होता, गरम, आणि माझ्या तोंडातून तिचा आवाज निघत होता. किती सुरेख गायली ती. मला इतकं वाईट वाटलं, रोस्विता. मी त्या गोष्टीतली सासू झाले होते. दुसरीचं लेकरू चोरणारी. म्हणून ओढलं तिला पुढे. म्हटलं, बघा, ही गातेय. मी नाही. बघा सगळे.

रोस्विता : आणि ती गायली.

आनेग्रेट : एकही सूर न सोडता. घाईसुद्धा केली नाही. मी तिचा हात धरून नुसती उभी होते, तोंड मिटून. मला वाटलं, संपलं. आता साहेबांना कळलं, मंडळींना कळलं, सगळ्या गावाला कळलं. आणि खरं सांगू? हलकं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

रोस्विता : झालं तुझं सांगून? आता माझं ऐक. कोणाला काही कळलेलं नाही.

आनेग्रेट : म्हणजे?

रोस्विता : म्हणजे काही नाही. मी तुझी शाल आणायला जिन्यावर गेले होते. साहेब त्या नगरपालिकेच्या जाड्या बाईंना समजावत होते. म्हणे, बघितलंत का, बहिणीने इतकी वर्षं मौन पाळलं, म्हणून तिचा आवाज आता भावाच्या तोंडून बाहेर पडतो. तिने आपला आवाजच त्यांना देऊन टाकला. असा शेवट आजपर्यंत कोणी केला नाही. त्या बाई रुमालाने डोळे टिपत होत्या. दुसरा एक जण म्हणाला, माझ्या अंगावर काटा आला.

आनेग्रेट : त्यांना वाटलं ते नाटकातलंच आहे.

रोस्विता : वाटलं तर वाटू दे ना, लाकडावर बोटं वाजव आणि गप्प बस. आने, वाचलीस तू. अगं, नुसती वाचली नाहीस, देव्हाऱ्यात बसलीस. हार्टविग म्हणतोय, आता रोज असंच करू. रोज. म्हणजे लपवायचंही काही उरलं नाही. रिके पुढे येऊन गाणार, तू मिटल्या तोंडाने उभी राहणार, आणि लोक रडणार. आता झाकली मूठ सव्वा लाखाची. झाकलेलीच ठेव.

आनेग्रेट : मी भरलेल्या थिएटरात सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही.

रोस्विता : देवाचे आभार मान.

आनेग्रेट : आणि फेब्रुवारीत?

रोस्विता : फेब्रुवारीच्या आत साहेबांची सही होईल. मग कंबर आहे, घसा आहे, येनाचा डॉक्टर आहे. पंधरावं लागल्यावर आजारी माणसाला कोणी हाकलत नाही. काहीतरी काम देतात. ग्रंथालयात बसवतात, मुलांना शिकवायला लावतात. तू काही चोरी करत नाहीयेस. चौदा वर्षं गायलीस तू या गावासाठी. सर्दीत, तापात, आई गेली त्या संध्याकाळीसुद्धा. मग गावाने उरलेलं आयुष्य तुला एवढंही देऊ नये?

आनेग्रेट : द्यावं. पण मी मागितलं तर द्यावं. असं नाही.

रोस्विता : नाकाने कांदे सोलू नकोस आता. मागितलं तर देतात का कोणी? ओटमारने मागितलं नव्हतं?

आनेग्रेट : मला माहीत नाही, ओटमारने मागितलं का ते. आपण कोणी त्याला विचारलंच नाही. आपण हवापाण्याचं बोलत होतो.

रोस्विता : मान पुढे घे. टोप काढते. आणि कोणी आलं तर हसायचं फक्त. दार कोणी वाजवलं? या, साहेब, या. उघडंच आहे.

वाइसबाख : नाही, नाही, उठू नका, फोलराथबाई. मी दोनच मिनिटं आलो. काय सांगू तुम्हाला? मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, आणि सांगतो, असा शेवट मी पाहिलेला नाही. तुम्ही कोणाला न विचारता केलंत, हो ना? हार्टविग शपथेवर सांगतो, त्याला काही ठाऊक नव्हतं. मला आधी कळलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे मी मान्य करतो. आणि चूक केली असती. गायिकेने आपल्या चार ओळी, अख्ख्या खेळातल्या चारच ओळी, उचलून एका नवख्या मुलीला द्याव्यात, याला मन लागतं मोठं. मी खाली मंडळींना तेच म्हणालो.

रोस्विता : बरोबर बोललात, साहेब. मन मोठंच आहे तिचं. पण दमलीय आता.

वाइसबाख : दमणारच. मी निघतोच. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो, म्हणजे नाताळ गोड जाईल. मंडळींशी माझं बोलणं झालं. त्यांना तुम्ही हव्या आहात. मलाही हव्या आहात. सोमवारी सवडीने वर या, कॉफी घेऊ, पुढच्या वर्षाचं उरकून टाकू. पुढच्या वर्षाचं म्हणजे पुढच्या सगळ्याच वर्षांचं, तुम्हाला ठाऊकच आहे.

रोस्विता : ठाऊक आहे, साहेब. फार उपकार झाले. येईल ती सोमवारी.

आनेग्रेट : साहेब, थांबा.

रोस्विता : आने, टोप निघतोय. बोलू नकोस.

वाइसबाख : काय झालं?

आनेग्रेट : ती कल्पना नव्हती.

वाइसबाख : आता विनय पुरे, बाई.

आनेग्रेट : विनय नाही. मला गाता येत नाही, म्हणून ती गायली. माझा आवाज मार्चमध्ये गेला. येनाच्या डॉक्टरने सांगितलंय, तो परत येणार नाही.

रोस्विता : दमलीय, साहेब. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या.

वाइसबाख : फोलराथबाई. खाली सगळे थांबलेत. मी त्यांना आत्ताच शब्द देऊन आलोय, वर्तमानपत्रवालाही उभा आहे तिथे. हे बघा, तुम्ही थकला आहात, मीही घाईत आहे. मी हे ऐकलंच नाही, असं समजू या का? सोमवारी कॉफी घेताना हवं तर निवांत बघू. तोपर्यंत मी हे दार ओढून घेतो, आणि...

आनेग्रेट : नको, साहेब. उघडंच राहू दे. तुम्ही ऐकलं नसेल तर मी परत सांगते.